डिस्क ब्रेकचे अडलेले स्क्रू

हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींना डिस्क ब्रेक असतो. चाकाच्या हबवर एक पातळ, सच्छिद्र पोलादी चकती बसविलेली असते. मुठीजवळचा दांडा दाबला म्हणजे कॅलिपर नांवाच्या लहानशा चिमट्यांतील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनीं आवळतात आणि चाक थांबतें. भर पावसांत जुन्या रबरी ब्रेकची जशी फजिती होई तशी याची होत नाहीं. परंतु हा सारा डोलारा ज्यांच्यावर उभा आहे ते स्क्रू शेंगदाण्याएवढे, किंबहुना त्याहूनही लहान असतात. आणि दोन पावसाळे गेले कीं त्यांतला एखादा असा घट्ट बसतो कीं कांहीं केल्या हलत नाहीं.

श्रोतेहो, विषय क्षुल्लक वाटेल, पण जरा पुढचा विचार करा. पॅड हे मुळीं झिजण्यासाठींच असतात. घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला कीं ते बदलावे, अशी शिमानो या जपानी कंपनीची सूचना आहे. बदलावयाचे तर त्यांना अडकवून ठेवणारी आडवी पिन काढली पाहिजे. ती निघत नाहीं, म्हणून गृहस्थ म्हणतात, "पाहूं पुढच्या रविवारीं." आणि तो रविवार यावयाच्या आधींच चिरंजीव मित्रांबरोबर ताम्हिणी घाट उतरूं लागलेले असतात! घर्षणाचा थर संपला म्हणजे पॅडच्या पाठीचा पत्रा चकतीवर घांसूं लागतो, कर्कश आवाज येतो, चकतीवर चरे पडतात आणि पकड जाते. उतार मात्र तसाच पुढें पसरलेला असतो.

मग हा स्क्रू अडतो कशानें? "गंजला" असें आपण सहज म्हणून जातों. परंतु कॅलिपर आणि हब हे बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, स्क्रू तेवढा पोलादी असतो. दोन निराळे धातू एकमेकांस चिकटून आहेत आणि मध्यें खारट पाण्याचा थेंब शिरला आहे, अशी स्थिति झाली कीं तेथें एक चिमुकली विद्युत्-घटमालाच तयार होते. तींत जो धातु अधिक चंचल तो आपणहून झिजतो आणि दुसऱ्यास वांचवितो. येथें चंचल धातु अ‍ॅल्युमिनियम होय. म्हणजे खरा नाश स्क्रूचा नव्हे, तर तो ज्या भोकांत बसला आहे त्या भोकाचा होत असतो! त्यांतून जी पांढरी पूड निघते तिला मूळ धातूहून जास्त जागा लागते; ती आट्यांमध्यें ठासून भरते आणि स्क्रूला पाचरीप्रमाणें आवळून धरते. मुंबईंत आणि कोंकणपट्टींत हवाच खारी, त्यामुळें तेथें हें लवकर घडतें.

ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळीं अनुभवास आली. १७६१ सालीं इंग्लंडच्या आरमारानें 'अलार्म' नांवाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविला. पत्रे लोखंडी खिळ्यांनीं ठोकले होते. वेस्ट इंडीजची सफर करून जहाज परत आलें, तेव्हां कित्येक खिळे खाऊन गेलेले आढळले. (तेथें चंचल धातु लोखंड होता, म्हणून खिळ्यांवर पाळी आली.) परंतु कांहीं खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कांहीं ठिकाणीं काढावयाचा राहून गेला होता. तेथें तांबें आणि लोखंड यांचा स्पर्शच झाला नव्हता. हा कागद आपण लक्षांत ठेवूं. त्याचें काम पुढें पडणार आहे.

आतां उपायाकडे वळूं. पहिलें काम जोराचें नसून स्वच्छतेचें आहे. स्क्रूच्या डोक्याच्या खळग्यांत चिखल वाळून दगड झालेला असतो. तो सुईनें किंवा दाभणानें पुरता कोरून काढावा. चावी खळग्याच्या तळाशीं टेकलीच नाहीं, तर ती वरच्या वर फिरते आणि डोकें गोल होऊन बसतें. चकती सहा स्क्रूंनीं बसविलेली असेल तर त्यांचा खळगा बहुधा सहा पाकळ्यांचा असतो. त्याला टॉर्क्स म्हणतात आणि चावीचा आंकडा २५. तेथें षट्कोनी चावी "जवळपास बसते" म्हणून वापरणें हा शुद्ध अविचार होय. बरोबर चावी बसवून तिच्या पाठीवर हातोडीनें दोन-चार हलके ठोके द्यावे. आंतली पूड तडकते. मग प्रथम किंचित् आवळावें आणि नंतर सैल करावें. हें उफराटें वाटतें, परंतु पुष्कळदां स्क्रूची पहिली हालचाल अशीच मिळते.

तेल घालावें काय? पॅडच्या पिनेला आटे मोकळे करणारें पातळ तेल जरूर घालावें, कारण ते झिजलेले पॅड टाकूनच द्यावयाचे आहेत. रात्रभर मुरूं द्यावें. मात्र आधीं चाक काढून चकती दूर ठेवावी, आणि नवे पॅड घालण्यापूर्वीं कॅलिपर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें निपटून पुसावा. नव्या पॅडनें तेल शोषलें कीं तो ब्रेकच्या कामाचा उरत नाहीं. चकतीच्या स्क्रूंची गोष्ट निराळी. ते कंपनींतूनच आटे चिकटविणारा डिंक लावून बसविलेले असतात; तेथें तेलाचा उपयोग थोडा, उष्णतेचा अधिक. सोल्डरिंग आयर्नचें तापलेलें टोंक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरावें. डिंक मऊ पडतो. शिवाय उष्णतेनें अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, त्यामुळें भोक सैल होण्यासही मदत होते. ज्योत मात्र कधींही लावूं नये. कॅलिपरच्या पोटांत रबरी कडीं असतात आणि बहुधा ब्रेकचें तेलही असतें.

इतकें करूनही डोकें गेलेंच, तर बारीक कानशीनें त्यावर आडवी खांच पाडून स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहावा. पॅडची पिन असेल तर दोन पॅडांमधल्या फटींतून ती बारीक करवतीनें मध्येंच कापतां येते; पॅड तर सुटतात. आट्यांत रुतलेला तुकडा ड्रिलनें काढणें हें मात्र यंत्रशाळेचें काम. घरच्या ड्रिलचें पातें मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे घसरतें, आणि स्क्रूच्या किंमतीच्या कितीतरी पट किंमतीचा कॅलिपर हातचा जातो.

नवा स्क्रू बसवितांना तो तपकिरी कागद आठवावा. पॅडच्या पिनेच्या आट्यांना ग्रीसचा अगदीं पातळ थर द्यावा. दोन धातूंमध्यें पडदा होतो आणि पाणी बाहेर राहतें. बाहेर आलेलें ग्रीस लागलीच पुसावें. चकतीच्या स्क्रूंना ग्रीस नको, डिंकच हवा. पडद्याचें काम तोच करतो. ते समोरासमोरचे जोडीनें थोडथोडे आवळीत न्यावे. जोर किती, तें कंपनीनें छापलेलें असतें. तो ५ न्यूटन-मीटर असेल तर १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारें ५ किलो भार लावल्यासारखा होतो. पॅडच्या पिनेला त्याच्या मानानें फारच थोडा जोर पुरतो. ती कचकचून आवळली कीं पुढच्या वर्षीं पुन्हां हीच कहाणी. ती आपोआप सुटूं नये म्हणून तिच्या टोंकाला नखाएवढी तारेची क्लिप असते. काम चालूं असतांना ही क्लिप हमखास उडून फरशीच्या फटींत जाते, म्हणून खालीं आधींच एक पांढरें फडकें अंथरलेलें बरें.