केळीचा खांब की पऱ्हाटी?

इंदूरहून येणारा रस्ता इच्छापूरला मध्य प्रदेशाचा निरोप घेतो आणि मुक्ताईनगरकडे निघतो. राज्य बदलतं, पीक बदलत नाही. अलीकडे बुऱ्हाणपूरची केळी, पलीकडे रावेरची. पाणी कमी तिथे कापूस. केळीचं झाड घड एकदाच देतं. घड उतरला की उरतो तो खांब, आणि त्यापासून इथेनॉल का काढू नये, असा प्रश्न इथे कुणालाही पडावा.

रसायनशास्त्राची हरकत नाही. खांबात सेल्युलोज चांगलं, त्याला जखडणारं लिग्निन कमी. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या. त्या तुटल्या की पुढचं काम यीस्टचं. अडतं ते पाण्यापाशी. खांबात ते नव्वद टक्क्यांहून जास्त. दहा टन खांब वाहिले तर सुका माल जेमतेम एक टन. त्यात सेल्युलोज चारशे किलो धरा, कणही वाया गेला नाही असं माना, तरी इथेनॉल तीनशे लिटरच्या आतच. म्हणजे डिझेल जाळून पाणीच वाहायचं! त्यापेक्षा खांबाचा धागा काढावा (बुऱ्हाणपुरात महिला बचत गट काढतातही) आणि चोथा बायोगॅसला द्यावा. तिथे ओल लागतेच.

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या काड्या, वाळलेली, पण चिवट. लिग्निन सुमारे पाव हिस्सा. आधी आम्ल आणि दाबाची वाफ देऊन ती उकलायची, मग एन्झाइम सोडायचे. हे एन्झाइम देणाऱ्या ट्रायकोडर्मा रीसाय बुरशीचं मूळ गमतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजू लागलं, तिथे ती सापडली. कापूस खाण्याचा तिला जुना सराव! उकलताना झायलोज ही साखरही सुटते, पण नेहमीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही; त्यासाठी जनुकं बदललेलं यीस्ट लागतं.

हे सगळं कागदावरचं नाही. पुण्याच्या प्राज कंपनीने दौंडजवळ 2017 मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. तिच्याच तंत्रावरचा इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला: वर्षाला सुमारे 2 लाख टन भाताचा पेंढा, 3 कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित.

पऱ्हाटी शेतात ठेवणं तसंही परवडत नाही, तिच्यावरच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. शेतकरी ती उपटतोच, बहुधा जाळतो. पण उपटणी चालते मोजके आठवडे, आणि कारखान्याला माल हवा बारा महिने. शिवाय काड्या हलक्या. गाडी भरते, वजन भरत नाही. तेव्हा त्यांचा भुगा गावातच करायचा, तर कुट्टी यंत्राचा आणि कोरड्या गोदामाचा खर्च कोण उचलणार, हे आधी ठरवावं लागेल.