करारापासून कलमापर्यंत : वऱ्हाडची जनता आणि राज्यसत्ता

राज्यसत्ता एका हातातून दुसऱ्या हाती जाताना प्रजेचे मत विचारले जाते काय, या प्रश्नाच्या दृष्टीने वऱ्हाडचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. १९०२ साली तोच मुलूख सालिना २५ लाख रुपये खंडाने इंग्रज सरकारकडे कायमच्या पट्ट्याने गेला व पुढील वर्षी मध्य प्रांताशी जोडला गेला. अंमल इंग्रजांचा, कचेरी नागपूरची आणि नाममात्र स्वामित्व निजामाचे, अशी ही व्यवस्था होती. अमरावतीच्या कास्तकाराची किंवा अकोल्याच्या व्यापाऱ्याची संमती यांपैकी कोणत्याही दस्तऐवजास आवश्यक वाटली नाही.

सत्तेचा उगम बदलला

भारतीय संविधानाने हा क्रम उलटा केला. संविधान सभेत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे सदस्य होते. २६ जानेवारी १९५० पासून सत्तेचा उगम जनतेत आहे. राज्यपाल, जिल्हाधिकारी व सरपंच यांचे अधिकार लहानमोठे असले तरी ते कायद्याने दिलेले व कायद्यानेच मर्यादित केलेले आहेत.

अभिवचनाला कायद्याचे बळ

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विदर्भाला निधीत, शिक्षणात व नोकऱ्यांत न्याय्य वाटा मिळावा, ही त्यातील भूमिका होती. परंतु करार हा स्वाक्षरी करणाऱ्यांच्या शब्दावर उभा असतो. संविधानातील कलम त्याला कायद्याचे अधिष्ठान देते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१(२) चे महत्त्व यातच आहे. विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण व राज्यसेवेतील संधी यांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपविण्याचा अधिकार या कलमाने राष्ट्रपतींना दिला.

तथापि कलम आपोआप चालत नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या समितीने अनुशेष मोजला; १९८४ मध्ये विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला; आणि राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो १९९४ मध्ये. म्हणजे तरतूद व अंमल यांत ३८ वर्षांचे अंतर पडले. पुढे राज्यपालांच्या निदेशांनुसार निधीवाटप होऊ लागले, तरी अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांतील सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ रेंगाळला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला.

ग्रामसभेचे स्थान

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. अनुशेष मोजला गेला तेव्हाच मागणीला बळ आले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले आहे. गावाच्या शिवारात किती जमीन ओलिताखाली आहे, कोणते काम मंजूर होऊन अपुरे राहिले, याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात असेल, तर ती वरच्या कचेरीला टाळता येत नाही. ती नोंद करणे सदस्यांचे, तिचा अर्थ लोकांना समजावून देणे शिक्षकांचे आणि तिला मुदतीत लेखी उत्तर देणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. शंभर वर्षे ज्या मुलुखाचे व्यवहार त्याला न विचारता झाले, तेथे विचारण्याचा हा हक्क वापरात राहणे अगत्याचे आहे.