देवीची श्रमनिद्रा आणि घरातील स्वयंचलित झाडू

तुळजापूरच्या श्रीभवानीमातेच्या पूजाविधींत वर्षातून तीन वेळा निद्रा असते. नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. महिषासुराशी झुंजून श्रमलेल्या जगदंबेस विसावा मिळावा, हा श्रमनिद्रेमागील भक्तांचा भाव होय.

देवीच्या श्रमांची एवढी जाण ठेवणाऱ्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरच्या लक्ष्मीच्या श्रमांची जाण कितपत आहे? देवी घोरनिद्रेत असते त्याच दिवसांत घरोघरी जाळीजळमटे निघतात, अंथरुणे-पांघरुणे धुतली जातात, फरशा घासल्या जातात. आणि हे सारे बहुधा एकाच व्यक्तीच्या कमरेवर पडते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. या पार्श्वभूमीवर, आपोआप केर काढणाऱ्या ‘रोबो व्हॅक्यूम क्लीनर’ या यंत्राचा विचार आम्हांस सणाच्या निमित्ताने करावासा वाटतो.

हवेच्या ओढीने धूळ शोषून घेण्याची कल्पना जुनीच आहे. १९०१ मध्ये ह्यूबर्ट बूथ या इंग्रज अभियंत्याने तसे यंत्र बनविले. ते एवढे अवजड होते की घोडागाडीवरून दाराशी आणून त्याच्या नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. मनुष्याच्या हाताविना फिरणारे यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ मध्ये विक्रीस आणले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ‘रूम्बा’ने ते घरोघरी पोहोचविले.

आजचे यंत्र जेवणाच्या ताटाएवढे वाटोळे आणि वितीच्या निम्म्याहूनही कमी उंच असते. कडेचा ब्रश केर मध्यभागी लोटतो, पोटाखालचे रूळ तो उचलतात आणि पंखा आतल्या डबीत ओढून घेतो. लेसरच्या किरणांनी भिंती व सामान यांचे अंतर मोजून ते घराचा नकाशा तयार करते. हे किरण अंधारातही काम देतात. मात्र केवळ कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांस उजेड लागतो. विजेरी उतरली की ते आपल्या जागी परतते आणि पुन्हा भारित होऊ लागते.

आपल्या घरांत त्याचा उपयोग किती? शेणाने सारवलेल्या भुईवर हे यंत्र निरुपयोगीच ठरले असते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरगा भागातील दगडमातीची घरे कोसळली, त्यांच्या जागी नवी उभी राहिली; अन्यत्रही काळाबरोबर शहाबादी व गुळगुळीत फरशा आल्या. अशा फरशीवर रोजची बारीक धूळ, केस, अन्नाचे कण हे यंत्र चांगले टिपते. पलंगाखाली, कपाटाखाली, जिथे गुडघे दुखणाऱ्या आजींना वाकवत नाही, तिथे ते सहज शिरते. हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

उणिवाही जाणून घ्याव्यात. दोनेक सेंटिमीटरहून उंच उंबरठा बहुतेक यंत्रांस ओलांडवत नाही. वाटोळ्या देहामुळे सांदीकोपऱ्यात केर उरतो. लांब केस रुळाला गुंडाळतात, लोंबत्या वायरी अडकतात. पायरीवरून पडू नये म्हणून पोटाखाली जे किरण असतात, ते काळ्या रंगात शोषले जातात. त्यामुळे जमिनीवर काळे घोंगडे अंथरलेले असल्यास पुढे खड्डाच आहे असे समजून काही यंत्रे मागे फिरतात! शिवाय डबी लहान असते. काळ्या रानातली धूळ घरात येणाऱ्या दिवसांत ती रोज रिकामी करणे भाग पडते.

सणाच्या दिवसांत तर अधिक दक्षता हवी. सकाळची वेळ लावून ठेवलेले यंत्र दारची रांगोळी क्षणात गिळून टाकील. घटाभोवतीची माती आणि तेवता नंदादीप यांच्याजवळ त्यास मुळीच फिरकू देऊ नये. फोनवरील नकाशात देवघर निषिद्ध क्षेत्र म्हणून आखता येते. तेही जमत नसेल तर त्या दिवशी यंत्र बंद ठेवावे, हेच उत्तम.

मुख्य प्रश्न निराळाच आहे. यंत्र फिरण्यापूर्वी चपला, खेळणी, वायरी उचलायच्या कुणी? डबी रिकामी करायची, रुळावरचे केस कापायचे, कोपरे झाडायचे कुणी? ही कामेही त्याच माउलीकडे राहिली, तर तिचे श्रम संपले नाहीत, त्यांनी केवळ रूप पालटले, असेच म्हणावे लागेल. या मातीची परंपरा याहून उदार आहे. गंगाखेडच्या जनाबाईच्या झाडलोटीत प्रत्यक्ष विठ्ठलाने हात दिला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगावी स्वतःच्या हाती झाडू घेतला. झाडलोटीत देवास कमीपणा वाटला नाही आणि संतासही वाटला नाही. मग घरच्या कर्त्या पुरुषास तो का वाटावा?

शिंदीच्या पानांची केरसुणी या यंत्रामुळे घरातून जाणार नाही. कोपऱ्यासाठी ती लागेलच, आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू तिलाच वाहिले जाईल. खंडेनवमीस अवजारांची पूजा करताना या नव्या अवजारावरही झेंडूचे एक फूल अवश्य ठेवावे. मात्र दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत, देवी श्रमनिद्रेत असताना, यंत्राची डबी आणि कोपऱ्यातील केरसुणी घरातील पुरुषांनी व मुलांनी हाती घ्यावी. देवीच्या पाठोपाठ घरच्या माउलीलाही तेवढे दिवस विसावा लाभो, हीच जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना.