काळपट गुळाला गिऱ्हाईक कसे मिळवावे?

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा सौदा चालू असताना रव्यांच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहावे. व्यापारी रव्याला टोचा मारून एक खडा काढतो, उजेडात धरतो, जिभेवर ठेवतो व पुढे सरकतो. हे सारे क्षणार्धात होते. एवढ्या वेळात त्याला जे दिसते त्यावरच भाव ठरतो, आणि सर्वांत आधी दिसतो तो रंग. पिवळा, चकचकीत गूळ वरचा भाव घेतो. तांबूस अथवा काळपट गूळ मागे पडतो. कोल्हापुरी गुळाचा मोठा भाग गुजरातेत जातो व तिकडील पसंती पिवळ्या गुळाला आहे. तेव्हा व्यापाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. जे खपते तेच तो घेतो.

अडचण येते ती हायड्रॉस न घालता गूळ करणाऱ्या शेतकऱ्याची. हायड्रॉस म्हणजे गंधकयुक्त पावडर. ती घातली की रसातील रंगद्रव्यांचा रंग उडतो व गूळ पिवळा दिसतो. हा रंग टिकाऊ नसतो. साठवणीत तो पुन्हा गडद होत जातो, आणि गंधकाचा अंश गुळात राहतो तो वेगळाच. उलटपक्षी रानभेंडीच्या चिकट रसाने मळी काढून केलेला गूळ मुळातच तांबूस असतो. म्हणजे जो गूळ जपून केला, तोच सौद्यात कमी भावाने जातो. हे अंतर मालाच्या गुणाने भरून निघत नाही, कारण त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो, आणि सौद्यात सांगावयास सवड नाही. म्हणून अशा गुळाचे गिऱ्हाईक वेगळे शोधावे लागते, व ते शोधण्याची तयारी चुलवाण पेटविण्यापूर्वीच व्हावी लागते.

याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गुऱ्हाळमालकास मी सबंध हंगामाचा गूळ हायड्रॉसविना करण्याचा आग्रह केला. शहरातील प्रदर्शनात त्यांचा गूळ दोन दिवसांत संपला. आम्ही दोघेही हरखून गेलो. परंतु ज्यांनी गूळ नेला त्यांपैकी एकाचेही नाव वा पत्ता आम्ही लिहून ठेवला नव्हता. पुढे त्यांनी मागणीच्या भरवशावर माल राखून ठेवला. मागणी आली नाही. मृगाच्या सरींबरोबर हवेत ओल आली, रव्यांना पाणी सुटू लागले, आणि अखेर पडेल त्या भावाने तो माल द्यावा लागला. त्या माउलींनी मला एक शब्दही उलट बोलून दाखविला नाही, याचेच अधिक वाईट वाटले.

पुढील हंगामात आम्ही आधी आकडेमोड केली. समजा, एक कुटुंब महिन्याला एक किलो गूळ घेते. अशी शंभर कुटुंबे आठ महिने घेत राहिली तर आठशे किलो गूळ लागेल. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. म्हणजे एवढ्या गुळाला सात-आठ टन ऊस पुरे. चालत्या गुऱ्हाळाचे हे फार तर दोन दिवसांचे काम आहे! शंभर घरे ऐकावयास मोठी वाटतात, पण काहिलीच्या हिशेबाने ती थोडीच. म्हणून पहिल्या वर्षी थेट विक्रीसाठी थोडाच माल काढावा व बाकीचा नेहमीप्रमाणे बाजारात घालावा, हे शहाणपणाचे. घरांची संख्या वाढेल तसा हा हिस्सा वाढविता येतो.

भावाचा हिशेबही कागदावर हवा. उदाहरणादाखल, ऊस, तोडणी, जळण व मजुरी धरून किलोस ४० रुपये खर्च येतो व सौद्यात खर्च वजा जाता ४२ रुपये हाती पडतात असे धरू. तोच गूळ घरपोच ६५ रुपयांस विकला तर नफा २५ रुपये, असे पुष्कळजण मानतात. पण पुडा, पेटी, वाहतूक, वाटेत फुटलेला माल, उशिरा येणारे पैसे आणि घरातील माणसांचा वेळ यांचे सोळा-सतरा रुपये सहज होतात. उरतात आठ-नऊ. तेही दोहोंपेक्षा चांगलेच आहेत, पण पंचवीस नव्हेत. स्वतःची व घरच्यांची मजुरी न धरता केलेला हिशेब हा हिशेबच नव्हे.

मागणीचे दिवस पंचांगात लिहिलेलेच असतात. संक्रांतीस तिळगूळ, शिमग्यास पुरणपोळी, पाडवा, आणि भाद्रपदात गणपतीचे मोदक. यांपैकी गणपती नव्या हंगामाच्या आधी येतात. त्यासाठी लागणारा गूळ उन्हाळ्यातच वेगळा काढून, हवा लागणार नाही असा बांधून कोरड्या जागी ठेवावा. पावसाळ्यात त्याची आठवण होऊन उपयोग नाही.

आता सांगण्याविषयी. गिऱ्हाइकांची एक वही करावी. तीत नाव, गाव, फोन व कधी किती नेला एवढे असावे. हंगामात आठवड्यातून एकदा त्या सर्वांना मोबाइलवर चार ओळी व एक छायाचित्र पाठवावे. काय लिहावे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जे घडले तेच लिहावे: 'काल को. ९२००५ जातीचा ऊस गाळला. भेंडीने मळी काढली. गुळव्याने पाक जरा कडक ठेवला, म्हणून या खेपेचा गूळ फोडावयास कठीण आहे, चवीस उत्तम.' असे वाचले की रंगाविषयीची शंका माल हाती पडण्यापूर्वीच फिटते. एखादी खेप बिघडली तर तेही लिहावे. रोज 'आमचा गूळ घ्या' असे लिहिणाऱ्याचे संदेश लोक वाचेनासे होतात.

मात्र गुळाने अमुक रोग बरा होतो असे कदापि लिहू नये. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विक्रीपूर्वी अन्नव्यवसायाची नोंदणी करून घ्यावी. पुड्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन हे हवेच. 'कोल्हापुरी गूळ' यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह वापरू इच्छिणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कागदपत्रांत शेतकऱ्यास प्रत्यक्ष मदत करावी. गूळ करण्याच्या शास्त्रीय पद्धतीविषयी शंका असल्यास कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे विचारणा करावी.

वर उल्लेखिलेल्या गुऱ्हाळमालकांच्या वहीत दुसऱ्या हंगामाअखेर साठेक नावे झाली. त्यांतील ज्यांनी पुन्हा मागणी केली नाही, त्यांना त्यांच्या सूनबाईंनी एकेक करून फोन लावला. गूळ वाईट असल्याचे कोणी म्हणाले नाही. पाच किलोचा रवा घरात फोडावा कशाने, हीच बहुतेकांची तक्रार होती. त्या वर्षापासून त्यांनी वाफ्यातील थोडा पाक अर्ध्या किलोच्या साच्यांत ओतण्यास आरंभ केला आहे.