गेमचा बिनतारी रिमोट : स्वस्तात घ्या, पण पारखून घ्या

जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांमध्ये दिवेलागण झाली की अंगणातली पोरं हाका मारून घरात घेतली जातात. कुकडी आणि घोड नदीच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही वस्तीला आला. वनखात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. या भागात बिबट्याने माणसांवर हल्ले केले, त्यात लहान मुलांचेही जीव गेले. त्यामुळे 'जा, बाहेर जाऊन खेळ' हे शहरातली आई सहज म्हणून जाते, पण मळ्यातल्या आईला संध्याकाळी तसं म्हणता येत नाही. मग मुलांची संध्याकाळ मोबाईलवर किंवा टीव्हीसमोर जाते. सुट्टी जवळ आली की मागणी पुढे येते, "गेमचा रिमोट घेऊन द्या ना!"

हा रिमोट म्हणजे वायरलेस गेम कंट्रोलर. नामांकित कंपन्यांच्या गेमयंत्रांसोबतचा कंट्रोलर पाच हजारांच्या पुढे जातो. मोबाईल, अँड्रॉईड टीव्ही किंवा कॉम्प्युटरला जोडायचा साधा कंट्रोलर मात्र हजार-बाराशे ते अडीच हजार रुपयांत मिळतो. घेताना पालकांच्या मनात तीन प्रश्न असतात. याच्या लहरींचा त्रास होईल का? वर्षभर तरी टिकेल का? आणि मुलांचे हात-डोळे बिघडणार नाहीत ना?

लहरी कसल्या, किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हे कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. घरातला वाय-फाय आणि ब्लूटूथ हेडफोनही हाच पट्टा वापरतात. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडणाऱ्या नसतात. शिवाय त्यांची शक्ती अगदी किरकोळ असते. अशा उपकरणांत साधारणपणे असणाऱ्या ब्लूटूथची कमाल शक्ती अडीच मिलिवॉट असते, तर ४जी मोबाईल गरज पडल्यास २०० मिलिवॉटपर्यंत जातो, म्हणजे ऐंशीपट. फोन कानाला लावणाऱ्याने कंट्रोलरच्या लहरींची धास्ती घेण्याचं कारण नाही.

रेडिओलहरींचा विषय जुन्नर तालुक्याला नवा नाही. नारायणगावजवळ खोडद इथे 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, त्यातल्या चौदा खोडदला मध्यभागी आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दुर्बिणीसाठी ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे इथला रेडिओ-गोंगाट कमी होता. ही दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकते. कंट्रोलर २४०० मेगाहर्ट्झच्या वर बोलतो, म्हणजे तो दुर्बिणीच्या पट्ट्यात थेट येत नाही. पण निकृष्ट चार्जर, ठिणग्या उडवणारी वायर किंवा सैल जोडणी सगळ्याच पट्ट्यांत खरखर पसरवते. असला चार्जर आकाशाच्या अभ्यासाला बरा नाही आणि घराच्या सुरक्षिततेलाही नाही. कंट्रोलर स्वस्त घ्या, पण चार्जर रस्त्यावरचा घेऊ नका.

पैसे कुठे घालायचे?

सगळ्यात आधी ठरवा, कंट्रोलर कशाला जोडायचा आहे. खोक्यावर अँड्रॉईड, अँड्रॉईड टीव्ही, विंडोज यांपैकी काय लिहिलंय ते वाचा. स्वस्त कंट्रोलर महागड्या गेमयंत्राला बहुधा जुळत नाही. मुलाला कोणता गेम खेळायचा आहे हेही विचारा. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल अशा बऱ्याच गेममध्ये कंट्रोलर चालतो, पण मोबाईलवरच्या काही लोकप्रिय लढाईच्या गेममध्ये तो चालतच नाही. हे न विचारता घेतलेला कंट्रोलर आठवडाभरात कपाटात जातो.

दुसरी गोष्ट जोडणीची. काही कंट्रोलर नुसत्या ब्लूटूथवर चालतात, काहींबरोबर यूएसबीत लावायचा छोटा डोंगल येतो. डोंगलवर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा उशीर सहसा कमी असतो. टीव्ही आणि कॉम्प्युटरसाठी डोंगलवाला बरा, मोबाईलसाठी ब्लूटूथ पुरतं. दोन्ही सोयी असलेला मिळाला तर उत्तमच. डोंगल टीव्हीच्या पाठीमागे पत्र्याच्या आड गेला तर सिग्नल तुटतो. अशा वेळी छोटी यूएसबी वायर लावून तो पुढे आणावा.

उशिराचा दोष मात्र दर वेळी कंट्रोलरचा नसतो. गेमचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्याच्या नादात कधी कधी १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर लावतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो आधी सुरू करून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

तिसरी आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंगठ्याखालच्या दोन दांड्या, म्हणजे स्टिक. साध्या कंट्रोलरमध्ये त्यांच्याखाली कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर एक संपर्क घासत राहतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण काही वर्षांनी खरखर करू लागायचं, तसाच प्रकार इथे होतो. पट्टा झिजतो आणि हात न लावताही पडद्यावरची गाडी एका बाजूला सरकू लागते. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. यावर उपाय म्हणजे 'हॉल इफेक्ट' स्टिक. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या दिशेत सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, हे अमेरिकी वैज्ञानिक एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं. या स्टिकमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर तो दाब मोजतो. घासणं नाही, म्हणून त्या कारणाने झीजही नाही. ही सोय पूर्वी महागड्या कंट्रोलरमध्ये असायची, आता दीड-दोन हजारांच्या वस्तूंमध्येही दिसते. थोडे जास्त पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला. रंगीत दिवे आणि जादा बटणं यांच्यावर नको.

चौथी गोष्ट बॅटरीची. आत बसवलेली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये ती सहज बदलता येत नाही. पेन्सिल सेलवर चालणारा कंट्रोलर असेल तर पुन्हा चार्ज होणारे सेल वापरता येतात. जिथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे वायर लावूनही खेळता येईल असा कंट्रोलर सोयीचा. आतली बॅटरी फुगली, कंट्रोलरचं कवच उकललं किंवा चार्जिंगला लावल्यावर चटका बसेल इतका तापला, तर तो लगेच बंद करावा. उशीखाली किंवा गोधडीवर ठेवून चार्ज करू नये.

दुकानातच करून बघा

नारायणगाव, मंचर किंवा आळेफाट्याच्या दुकानातून घेत असाल तर दहा मिनिटं द्या. कंट्रोलर आपल्याच फोनला जोडा. कंट्रोलर तपासणारी मोफत वेबपानं आहेत, त्यावर दोन्ही स्टिक सोडून दिल्यावर आकडा शून्याजवळ येतो का ते पाहा. प्रत्येक बटण दाबा. थरथर बंद करता येते का विचारा. ज्याच्यासाठी घेताय त्या मुलाच्या हातात द्या. अंगठा ताणावा न लागता स्टिकपर्यंत पोहोचला पाहिजे. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोण देणार, दुकानदार की कंपनी, ते बिलावर लिहून घ्या. ऑनलाईन घेतलात तर परत करायची मुदत संपण्याआधी हेच सगळं घरी करा.

अंगठा, मनगट आणि थरथर

आता तिसरा प्रश्न. खेळामुळे हात दुखतात का? दुखतात. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ३५ वर्षांच्या एका बाईंची हकीकत आली होती. सलग पाच तास गेम खेळल्यावर त्यांच्या उजव्या अंगठ्यात तीव्र वेदना सुरू झाल्या होत्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असलेल्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज येते तेव्हा त्याला 'डी क्वेर्व्हेन'चा विकार म्हणतात. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या दिशेने वाकवलं की कळ येते, ही त्याची खूण. अशी कळ येत असेल तर खेळ थांबवावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. मलम चोळून पुन्हा खेळायला बसू नये.

थरथरीचंही तसंच. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १५ वर्षांच्या मुलाची नोंद आली. तो दिवसाला सात-सात तास थरथरणारा कंट्रोलर धरायचा आणि गारठ्यात त्याचे हात पांढरे पडून दुखायचे. अशी प्रकरणं विरळ, पण त्यातून दोन गोष्टी शिकता येतात. थरथर बंद किंवा कमी ठेवावी आणि अर्ध्या तासाने पाच मिनिटं हात मोकळे करावेत.

वेळेचं माप भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दिलं आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वयात एक तासाच्या आत आणि पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाईल दोन्ही आले. खेळापायी मुलाचा अभ्यास, झोप, जेवण, मित्र सगळं मागे पडू लागलं आणि ते महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर ते लाडाचं प्रकरण राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत स्थान दिलं असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

संध्याकाळ गेली, दिवस तरी वाचवा

बिबट्याच्या भीतीने मुलांची संध्याकाळ हिरावली जाते, पण डोळ्यांना हवा असतो तो दिवसाचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं, बाकीच्या शाळांमध्ये सुमारे ४० टक्के मुलांना. पडद्याच्या वेळेबरोबर उन्हातली वेळही मोजायला हवी. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदान, सुट्टीच्या दिवशी ऊन वर आल्यावर उसापासून लांब, मोकळ्या जागी, मोठ्या माणसाच्या नजरेखाली खेळ, एवढं जमवता येतं. अंधार पडल्यावर घरात तासभर कंट्रोलर. शक्यतो भावंडांनी मिळून, दोन कंट्रोलर घेऊन आणि पडद्यापासून लांब बसून.

स्वस्त म्हणजे हलकं, असं आपण सहज म्हणतो. खोडदच्या अँटेनांकडे पाहिलं तर ते पटत नाही. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अँटेनांना पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी लावली. ज्या लहरी पकडायच्या त्या लांब, त्यांना जाळी पुरते. वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही वाचतो. काय हवंय हे आधी ठरवलं, म्हणून काय नकोय ते सोडून देता आलं. पुढच्या वेळी दुकानात काचेपलीकडचे रंगीत दिवे लावलेले कंट्रोलर दिसले, तर आधी खाली वाकून लेकराला विचारा, "तुला नक्की कोणता गेम खेळायचाय?"