सड्यावरचा हत्ती कुणाचा?

राजापूर तालुक्यातलं कशेळी पूर्वापार कनकादित्याच्या देवळासाठी ओळखलं जातं. अलीकडे तिथे येणारी काही मंडळी दर्शन आटोपून गावच्या सड्यावरही जातात. तिथे एक हत्ती आहे. तो साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि कातळात कोरून काढलेला आहे. जवळ उभं राहिलं तर पायाशी नुसत्या रेषांचा गुंता दिसतो. थोड्या उंचीवरून पाहिलं की पाठ, पाय, सोंड जागेवर बसतात. मग लक्षात येतं की हत्तीच्या पोटातही लहानमोठे प्राणी, पक्षी आणि जलचर दाटीवाटीने कोरलेले आहेत.

ही कोकणातल्या कातळशिल्पांपैकी सर्वात मोठी रचना मानली जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अशा आकृत्यांची संख्या आता दीड हजाराच्या वर गेली आहे. माणसं, हरणं, वाघ, मासे, साप यांच्याबरोबर अर्थ न लागणाऱ्या चौकटी आणि वेलबुट्ट्याही आहेत. विशेष म्हणजे यातल्या बहुतेक आकृत्यांची नोंद गेल्या दहा-पंधरा वर्षांतच झाली. नोंद करणारे पगारी संशोधक कमी होते, चालणारे, विचारणारे आणि ऐकून घेणारे हौशी लोक जास्त होते.

कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात ते काळं पडून तापतं, पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं आणि दगडाच्या फटींतून गवत आणि इवली रानफुलं वर येतात. जांभ्याचा वरचा थर कठीण आणि खालचा त्या मानाने मऊ. म्हणून वरचं कवच फोडून रेघ ओढली की ती टिकते. याच गुणामुळे त्याचे चौकोनी चिरे काढता येतात आणि कोकणातली घरं, गडगे, विहिरी त्यांनीच बांधली जातात. ज्या दगडाने हजारो वर्षं ही चित्रं जपली, त्याच दगडाला बाजारात भाव आहे. कातळशिल्पांच्या संरक्षणाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो.

शोधाची पद्धत साधी होती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे हे निसर्गाच्या ओढीने फिरणारे गृहस्थ. त्यांना भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई येऊन मिळाले. 2012च्या सुमारास त्यांनी सडे पद्धतशीर पायाखाली घालायला सुरुवात केली. पण शेकडो चौरस किलोमीटरचे सडे नुसतं चालून संपणारे नव्हते. म्हणून त्यांनी गुराख्यांना विचारलं, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. शाळांत जाऊन मुलांना सांगितलं, की घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे काही कोरलेलं त्यांनी पाहिलंय का. मुलांनी विचारलं आणि उत्तरं येऊ लागली. पुढे लोक स्वतःहून फोटो पाठवू लागले.

2018पर्यंत अशी 52 गावं सापडली होती. त्यातल्या जेमतेम पाच गावांना आपल्या सड्यावर काही आहे याची जाणीव होती. त्या मोजक्या ठिकाणी लोक या आकृत्यांना पवित्र मानत आले होते. बाकीच्या ठिकाणी रेषांवर माती आणि शेवाळ चढलेलं होतं, किंवा त्या रोजच्या पायवाटेवर असूनही कुणी दखल घेतली नव्हती. गुराख्याला मात्र अमक्या ठिकाणी दगडात काहीतरी कोरलंय एवढं ठाऊक असे. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सिंधुदुर्गातही हेच घडलं. तिथे सतीश लळीत यांनी 2001मध्ये मालवण तालुक्यातल्या हिवाळे गावची शिल्पं अभ्यासकांपुढे आणली, नंतर कुडोपीच्या सड्यावरचा मोठा समूह प्रकाशात आला. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ इथे जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक मोठं वर्तुळाकार चक्रव्यूह आहे. गावकऱ्यांच्या समजुतीप्रमाणे ही चित्रं गुराख्यांनी काढलेली होती. 1993मध्ये त्यांनीच दिलेल्या माहितीवरून गोवा सरकारच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक डॉ. पी. पी. शिरोडकर तिथे पोचले आणि नदीने आणलेल्या गाळाखालची शिल्पं मोकळी झाली.

ही शिल्पं कुणी कोरली आणि केव्हा, याचं नेमकं उत्तर मिळालेलं नाही. उघड्या दगडातल्या रेषेचं वय थेट मोजायला अजून खात्रीची पद्धत नाही. अभ्यासक आजूबाजूच्या पुराव्यांकडे बघतात. चित्रांत शिकार, वन्य प्राणी आणि जलचर भरपूर आहेत, शेतीची खूण दिसत नाही. काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडा कोरलेला आहे, आणि हे प्राणी आजच्या कोकणात नाहीत. म्हणजे कोरणाऱ्यांनी पाहिलेला प्रदेश वेगळा असावा, किंवा ते दुसरीकडून आले असावेत. या आधारे यातली जुनी शिल्पं मध्याश्मयुगात, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षं मागे नेली जातात, तर काही त्या मानाने अलीकडची असावीत. राज्य पुरातत्त्व विभागाने डॉ. तेजस गर्गे संचालक असताना सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खनन केलं आणि तिथे दगडी हत्यारं मिळाली. चित्रं काढणारी माणसं कशी जगत होती, या प्रश्नाचा माग काढायला अशा जागा उपयोगी पडतात.

एवढं सगळं अभ्यासकांचं झालं. जमीन ज्याची आहे, त्याचं काय?

कोकणात सडा हा बहुतेक वेळा सरकारी नसतो. सातबाऱ्यावर पाच-पन्नास नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, कुणी ठाण्यात, कुणी परदेशात. वर्षानुवर्षं पडीक असलेल्या त्या जमिनीतून पैसा येण्याचे मार्ग थोडेच. चिरेखाणीला द्यायची, कातळ फोडून हापूसची कलमं लावायची, किंवा प्लॉट पाडून विकायची. अशा माणसाला अचानक कुणी येऊन सांगितलं, की तुझ्या जमिनीत दहा हजार वर्षांपूर्वीचा ठेवा आहे, आता इथे काही करू नकोस, तर त्याला आनंद कसा व्हावा? रातोरात रेषांवर माती लोटली गेली किंवा यंत्र फिरलं, तर कुणाला पत्ताही लागत नाही.

जमीन अडकून पडण्याचा हा धाक उगाच आलेला नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती 2010च्या दुरुस्तीनंतर 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. हा नियम स्मारकाच्या भल्यासाठी आहे. पण किल्ल्याच्या किंवा लेणीच्या पायथ्याशी पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला घरावर खोली चढवायची झाली, तरी अर्ज घेऊन हेलपाटे घालावे लागतात. शेतात नांगराला नाणी लागली तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्याचं कळवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यात सापडवणाऱ्याच्या हक्काची आणि मोबदल्याची तरतूदही आहे, पण ती गावात क्वचितच कुणाला सांगितली जाते. लोकांपर्यंत पोचते ती फक्त जप्तीची भीती.

म्हणून रत्नागिरीतली काही उदाहरणं महत्त्वाची ठरतात. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावात, कोकण रेल्वेच्या स्थानकापासून थोड्या अंतरावर, कातळात एक हत्ती कोरलेला आहे. त्याच्या रक्षणासाठी ग्रामस्थ आणि ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला. भोवती चिऱ्यांचं कुंपण घातलं, वरून पाहता येईल अशी सोय केली. काम गावचंच आणि साहित्यही गावचंच, त्यामुळे देखभालही गावाकडे राहिली. कुणी परका माणूस रेषांवर चालताना दिसला की गुरं चारणारा पोरगाही त्याला हटकतो. पगारी पहारेकरी नेमून एवढी नजर ठेवता आली नसती. जांभरूणच्या शिल्पसमूहाकडेही गावकऱ्यांनी आपला म्हणून पाहायला सुरुवात केली.

जिथे श्रद्धा आधीपासून आहे, तिथे राखण सोपी जाते. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच चौरस चौकटीत कोरलेली भौमितिक रचना आहे. देवीच्या परिसरातली वस्तू म्हणून तिच्यावर कुणी कुदळ चालवली नाही. पुरातत्त्ववाला तिला मध्याश्मयुगीन म्हणेल, गावकरी देवीची म्हणेल. दोघांच्या म्हणण्यात फरक असला तरी दोघांनाही ती जागा तशीच राहायला हवी आहे. मात्र श्रद्धेलाही मर्यादा हवी. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत चुना किंवा रंग भरला, वर शेड उभारली किंवा फरशी घातली, तर मूळ दगड कायमचा बिघडतो. अशा वेळी अभ्यासकाने दोन शब्द आधी येऊन सांगितलेले बरे.

बारसूच्या सड्यावर हा प्रश्न सगळ्यांत तीव्र झाला. तिथल्या एका शिल्पात मधे माणूस उभा आहे आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ. अशी रचना प्राचीन जगात इतरत्रही आढळते, त्यामुळे अभ्यासकांना तिचं विशेष कुतूहल आहे. याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला. 2023च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, त्यातही बायका मोठ्या संख्येने, भर उन्हात सड्यावर येऊन बसले. आंब्याच्या बागा, मासेमारी, पाणी या चिंतांबरोबर कातळशिल्पांचा मुद्दाही पुढे आला. काही तरुणांना रोजगारासाठी प्रकल्प हवा होता, हेही खरं. प्रकल्पाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, सड्यावरच्या रेषा त्या काळात अभ्यासकांच्या टिपणवहीतून बाहेर पडल्या आणि गावाच्या वादात एक बाजू होऊन बसल्या.

त्याला कारण होतं. 2022मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ ठिकाणांना युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं उसगाळीमळ ही ती नऊ. त्याआधी 2018मध्ये राज्य सरकारने या शिल्पांच्या जतनासाठी 24 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली होती. 2024मध्ये रत्नागिरी तालुक्यातल्या देऊडच्या शिल्पांना राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तिथे गेंड्याची आकृती आहे.

लोकांच्या हाती राखलेला वारसा कसा टिकतो, याचा जुना दाखला धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव व्यापारी पेठ म्हणून येतं. वारकऱ्यांसाठी ते संत गोरोबा काकांचं गाव. तेरणा नदीच्या काठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, पावसाने माती धुपली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर त्या वेचल्या, गावकऱ्यांनीही आणून दिल्या. त्या संग्रहातूनच तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेई शहरात 1938मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. एका गावकऱ्याने जपलेल्या वस्तूंनी गावाचं नातं भूमध्य समुद्रापर्यंत नेऊन दाखवलं. हा संग्रह शहरात न नेता गावातच ठेवला गेला, हेही महत्त्वाचं. गोरोबा काकांच्या दर्शनाला आलेला वारकरी सहज आत डोकावतो.

कोकणात आता हेच सूत्र धरायची संधी आहे. संभाव्य यादीतून अंतिम यादीत जायचं तर प्रत्येक ठिकाणाची हद्द आखावी लागते, भोवतीचा राखीव पट्टा ठरवावा लागतो आणि व्यवस्थापनाचा आराखडा द्यावा लागतो. नामांकनाच्या कामात स्थानिक लोकांचा सहभाग असावा, असं युनेस्कोची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. इथे सहभाग म्हणजे बैठकीतली उपस्थिती आणि सह्या एवढाच धरून चालणार नाही. ज्याची चिरेखाण थांबेल त्याला काय मिळणार, प्रवेश शुल्क लावलं तर त्यातला वाटा ग्रामपंचायतीला की सरकारी तिजोरीला, वाटाडे कोण असणार, त्यांना कोण शिकवणार, पर्यटकांच्या गाड्या कुठे उभ्या राहणार, कचरा कोण उचलणार, पाणी कुठून येणार, हे कागदावर यायला हवं. घरगुती खानावळ, राहण्याची सोय, सड्यावर नेणारा माणूस, यांतून गावात चार पैसे आले तर जमिनीचा मालकही हिशेब वेगळा मांडील.

यातला अवघड भाग सहहिस्सेदारांच्या संमतीचा आहे, कारण ती सगळी माणसं एका जागी कधी नसतात. पण मे महिन्यात आंब्यांच्या दिवसांत चाकरमानी गावी येतात आणि 1 मेला नेमाने ग्रामसभा भरते. हद्दीचा नकाशा, मोबदल्याचा मसुदा आणि गावाच्या अटी त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतल्या, तर मुंबईकर हिस्सेदार, सड्यावर गुरं नेणारा गडी आणि पुरातत्त्व खात्याचा अधिकारी यांना एकाच मांडवात बसून बोलता येईल.