माणकांच्या डोळ्यांची बाई आणि भरूचची वाट

ऑक्टोबर 2025 मध्ये लूव्र संग्रहालयातून राजघराण्याचे दागिने चोरीला गेले आणि जगभर हिरे-पाचूंची चर्चा रंगली. त्याच संग्रहालयात माणकांचे डोळे असलेली एक लहानशी दगडी बाई उभी आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या वाचकाला त्या दागिन्यांपेक्षा हीच जवळची वाटावी.

उंची जेमतेम 25 सेंटिमीटर. बॅबिलोनजवळच्या हिल्ला इथली, पार्थियन काळातली, अलाबास्टरमध्ये कोरलेली. हात वेगळे घडवून जोडलेले, डोक्यावर सोन्याची चंद्रकोर, डोळ्यांत आणि बेंबीत लाल खडे. ते रंगीत काचेचे असावेत असा समज होता. मग त्यांच्यावर प्रोटॉनचा झोत सोडला गेला आणि बाहेर पडलेल्या क्ष-किरणांवरून खड्यांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं गेलं. खडा काढावा लागला नाही, ओरखडाही उठला नाही. 1998 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खडे अस्सल माणिक आहेत आणि बहुधा ब्रह्मदेशातले.

ब्रह्मदेशातून बॅबिलोनला जायचं तर भारत वाटेतच येतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भरूचहून इराणी आखातातल्या बंदरांकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांची नोंद आहे. त्यांत तांबं, चंदन, साग असे. हीच माणकं भरूचवरून गेली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण भरूच म्हणजे नर्मदेचं मुख, आणि धडगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदाच तिथे समुद्राला मिळते. पैठण आणि तेरचा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला जाई, हेही त्याच ग्रंथात आहे.

पश्चिमेकडे गेलेली आपली बाईही सापडली आहे. 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत, इ.स. 79 च्या ज्वालामुखीच्या राखेखालून एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. उंची पुन्हा सुमारे 25 सेंटिमीटर. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना दासी. ती ‘लक्ष्मी’ म्हणून गाजली. यक्षी म्हणणंच जास्त पटतं. तिच्याशी थेट नातं सांगणाऱ्या हस्तिदंती स्त्रिया तेरला आणि 1973 च्या उत्खननात भोकरदनला मिळाल्या. त्यामुळे पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी, असं काही अभ्यासक मानतात.

तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. पाँपेईची मूर्ती पाहायला नेपल्सचं तिकीट काढण्याआधी मराठी माणसाने तेर गाठावं. आणि शाळेच्या पुस्तकात रोमच्या नकाशाशेजारी तेर, पैठण, भरूच ही वाटही छापावी. नंदुरबारच्या मुलांचा त्यावर पहिला हक्क आहे.